तीन दिवसांचं शिबिर नको, एक हंगाम द्या

प्रश्न थोडक्यात असा: वाशीतली एक संस्था शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाच गावांत काम करते. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी मिळालाय. बचत गटातल्या महिला आणि बारावी किंवा आयटीआय झालेले तरुण मिळून साठेक जणांना ‘हवामान अनुकूल शेती’ शिकवायची आहे. बेत तीन दिवसांच्या निवासी शिबिराचा, तोही नवी मुंबईत. विषय ठरलेत: सेंद्रिय शेती, ठिबक, ड्रोन, हवामान ॲप, कार्बन क्रेडिट (हरितगृह वायू कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं श्रेय). अभ्यासक्रम कसा आखावा आणि वक्ते कोण बोलवावेत, असं विचारलंय.

वक्त्यांचं नंतर बघू. आधी शिबिराचा विचार सोडा. तेवढेच पैसे आणि तेवढेच तास मे अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पसरा, आणि वर्ग गावातल्याच कुणाच्या तरी भाताच्या खाचरात भरवा. शेतीतली गोष्ट ज्या आठवड्यात हाताने करायची असते त्याच आठवड्यात शिकवली तर टिकते. मिठाच्या पाण्यात बियाणं कसं निवडायचं हे फेब्रुवारीत एसी हॉलमध्ये सांगितलंत, तर जूनमध्ये मीठ किती घ्यायचं हे कुणालाही आठवणार नाही. आणि ज्या कामाचा निर्णय ज्याच्या हातात आहे, त्यालाच ते शिकवा. वाण कोणतं आणायचं हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतो, कारण तालुक्याला तो जातो. पण बियाणं निवडणं-साठवणं, राबासाठी, म्हणजे रोपांची जागा पेरणीपूर्वी भाजायला, कवळ (झाडांच्या फांद्या) आणि पातेरा (पालापाचोळा) आणणं, आवण (भाताची रोपं) उपटणं, लावणी, बेणणी (निंदणी), कोंबड्या-शेळ्या, परसातल्या वेली, हे सगळं बाईच्या हातचं. तिला ठिबकच्या व्हॉल्व्हबद्दल तासभर सांगून तिच्या हाती काही लागत नाही. तिच्या घरी मोटार नाही, आणि असली तरी ती चालू-बंद करणारा दुसराच असतो.

वेळापत्रक गावाला विचारून करा. जुलैत लावणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात असते, तेव्हा वर्ग तिथेच, बांधावर, जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा-पाऊण तास. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं, काही ठाकर कुटुंबंही, वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत कार्यक्रम ठेवलात तर ज्यांच्यासाठी ठेवला तेच गावात नसतील, आणि हजेरीपट नेहमीच्याच पाच-सात घरांतल्या बायकांनी भरेल. पूर्ण दिवस बसवणार असाल तर त्या दिवसाची मजुरी द्या. चहा-नाश्त्यावर आणि बॅनरवर जेवढा खर्च होतो त्यात ती निघते. लहान मुलं बरोबर येणारच, त्यांना सांभाळायला गावातलीच एक आजी ठरवा आणि तिलाही पैसे द्या. पुरुष प्रशिक्षकाने भरवलेल्या सभेत मागे बसून राहणाऱ्या बायका खाचरात उतरल्यावर कशा बोलतात, हे तुम्हाला पहिल्याच वर्गात दिसेल.

आता हवामानाचं. जगभरात हवामान अनुकूल शेतीची व्याख्या करताना तीन गोष्टी एकत्र धरतात: उत्पन्न वाढावं, लहरी हवामानात पीक टिकावं आणि शेतीतून निघणारे हरितगृह वायू कमी व्हावेत. अन्न व कृषी संघटनेने २०१० पासून ही मांडणी रुळवली. दोन एकरवाल्या शेतकऱ्यासमोर तिसरी गोष्ट पहिली मांडू नका. त्याला दुसरीची निकड आहे. ठाणे जिल्ह्यात पाऊस कमी नाही, वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पडतो. त्रास त्याच्या वेळापत्रकाचा आहे. जूनमध्ये एक सर येऊन मधेच पंधरा दिवस उघडीप पडते आणि आवण वाळतं. जुलैत एका रात्रीत एवढा कोसळतो की टाकलेला युरिया बांधावरून वाहून जातो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा टीव्हीवर गाडी दिसत होती. तिच्या दोन्ही बाजूंची नुकती लावलेली खाचरं पाण्याखाली होती, ती कुणी दाखवली नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबर अखेरीस क्यार चक्रीवादळाच्या पावसाने कापून ठेवलेल्या भाताला कोंब फुटले. आणि उन्हाळ्यात भातसा, तानसा, वैतरणा ज्या शहापुरातून मुंबईला पाणी पाठवतात, त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात.

या वेळापत्रकातली एक बाब वर्गात फळ्यावर मांडून दाखवा. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख आधी २९ सप्टेंबर होती, ती आता ८ ऑक्टोबर धरतात. आता बोटं मोडून हिशेब करू द्या. कर्जत-३ किंवा कर्जत-७ हे हळवे वाण, ११५ ते १२० दिवसांचे. १० जूनला पेरले तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तयार, म्हणजे नेमके परतीच्या पावसात. कर्जत-५ हा निमगरवा, १२५ ते १३० दिवसांचा, तो दहा दिवस पुढे सरकतो. कर्जत-२ गरवा, तो आणखी पुढे. मग हळवा लावूच नये का? तसं नाही. माळाकडच्या उथळ जमिनीत ऑक्टोबरमध्ये ओल राहत नाही, तिथे गरव्याचं दाणे भरताना हाल होतात. वरच्या खाचरांत हळवा, खालच्या ओलीच्या खाचरांत निमगरवा किंवा गरवा, अशी वाटणी घराघरात पूर्वी असायचीच. सगळीकडे एकच वाण आलं ते एकदम बियाणं आणण्याच्या सोयीमुळे. वाण ठरवण्याच्या या वर्गाला नवरा-बायको दोघांनाही बोलवा, नाहीतर बाई घरी जाऊन सांगेल आणि तिचं कुणी ऐकणार नाही. खाडीकाठच्या खारपट्ट्यात तुमचं काम गेलं तर प्रश्न वेगळा होतो. तिथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-१ सारखे क्षार सोसणारे वाण बघावे लागतात.

पहिला प्रत्यक्ष वर्ग मे अखेरीस. साहित्य दोन बादल्या, मीठ, चाळणी, आणि प्रत्येकीने आणलेलं ओंजळभर घरचं बियाणं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, बियाणं ओतून हाताने ढवळायचं आणि पाणी स्थिर होऊ द्यायचं. पोचट, अर्धवट भरलेले, कीड लागलेले दाणे वर येतात. ते चाळणीने काढून टाकायचे, तळाचं बियाणं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. एका बादलीत घरचं बियाणं टाका आणि दुसरीत दुकानातून आणलेलं पिशवीतलं. कुणाचं किती तरंगतं यावरून जी जुंपते ती बघण्यासारखी असते. “आमच्या आत्याबाईंनी सुपात पाखडून ठेवलंय, नाही तरंगणार” असं एखादी ठासून सांगते. तिचं खरं निघालं तर पुढचा वर्ग तिच्या हाती द्या. सुकलेल्या बियाण्याला पेरणीपूर्वी किलोला २५ ग्रॅम या प्रमाणात ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत चोळायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू नंतर. तेवढा क्रम पाठ करून घ्या, उलटं झालं तर जिवाणू मरतात.

राबाविषयी जपून बोला. धूर होतो, जंगल तुटतं, राब जाळू नका, असं सांगून बाहेरचे लोक निघून जातात. गाव राब जाळतं त्याला कारणं आहेत. भाजलेल्या जमिनीत तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते आणि आवण मुळासकट सहज उपटतं. जो पर्याय द्याल त्यात हे सगळं मिळालं पाहिजे. गादीवाफा करून त्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळसर राख मिसळली की उपटणं सोपं होतं, आणि सिलिका मिळाल्याने रोपं कणखर होतात. तण मात्र राबाएवढं मरत नाही, वाफ्यात एकदा निंदावं लागतं. हे लपवू नका. बायकांना पटतं ते दुसऱ्या बाजूने: माघ-फाल्गुनात डोक्यावरून आणायच्या कवळाच्या आणि पातेऱ्याच्या खेपा निम्म्यावर येतात. गुंठ्यापुरता वाफा एका बाजूला करा, बाकी राब नेहमीसारखा भाजू द्या, आणि दोन्हीकडचं आवण त्यांनाच उपटून बघू द्या. शिवाय सगळं आवण एकाच दिवशी पेरू नये. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरलं तर पाऊस लांबला तरी दुसऱ्या टप्प्याची रोपं लावणीच्या वयाची, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांची, हाताशी राहतात. दीड महिन्याचं आवण लावलं की फुटवे कमी येतात, हे प्रत्येकीने पाहिलेलं असतं.

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो लावणीच्या वर्गाला. कोकणात चारसूत्री भात लागवड ही पद्धत डॉ. एन. के. सावंत यांनी मांडली. सूत्रं अशी: भाताच्या तुसाची राख आणि पेंढा परत शेतात, गिरीपुष्पाचा पाला गुंठ्याला साधारण ३० किलो, नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या खताच्या गोळ्या. नियंत्रित लावणी म्हणजे दोरीवर २५ आणि १५ सेंटीमीटरच्या आळीपाळीने खुणा करायच्या आणि खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा. १५ सेंटीमीटरच्या चौकोनात चार चूड येतात, त्यांच्या मधोमध साधारण २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंटीमीटर खोल. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या, वजनाला पावणेदोन किलो.

ही गोळी हवामानाच्या दृष्टीने इतकी महत्त्वाची का, ते त्याच खाचरात उभं राहून सांगता येतं. फोकून टाकलेला युरिया पाण्यात विरघळतो. जुलैच्या मुसळधार पावसात पाणी बांधावरून गेलं की तोही जातो, थोडा हवेत उडतो, उरलेला तण खातं. चिखलात बोटभर खाली दाबलेली गोळी हळूहळू विरघळते आणि मुळाशी राहते. दुसरा हप्ता टाकायचा राहिला, कारण नेमका तेव्हा पाऊस थांबतच नव्हता, हा घोर संपतो. नत्र वाया जाणं कमी झालं की त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही कमी होतो. ही तिसरी बाब वाक्यभर सांगा आणि पुढे जा.

बायका पहिली हरकत घेतील ती दोरीवर. “दोरी धरायला दोघी अडकल्या, मग लावायचं कुणी?” हरकत रास्त आहे. उक्त्याने लावणी घेतलेल्या टोळीला दोरी परवडत नाही, तिचे पैसे एकरावर ठरलेले असतात. म्हणून मजुरीच्या लावणीत हा प्रयोग करू नका. सावडीने एकमेकींच्या शेतात जाणाऱ्या गटात करा. पहिल्या दिवशी प्रत्येक ओळीला दोरी, दुसऱ्या दिवशी चार-पाच ओळींनंतर एकदा. अर्ध्या दिवसात हाताला अंतराचा अंदाज येतो. गोळ्या दाबायचं काम लावणी झाली की त्याच दिवशी करावं, चिखल मऊ असतो. कमरेला बांधलेल्या ओच्यात गोळ्या, उजव्या हाताची दोन बोटं चिखलात, दाबली की बोटांनीच वरचं भोक बुजवायचं. भोक उघडं राहिलं तर गोळीचा फायदा निम्मा झाला. त्यानंतर काही दिवस त्या चौकोनात पाय पडू नये, म्हणून चालायचं ते २५ सेंटीमीटरच्या पट्ट्यातून. रुंद पट्टा ठेवलाय तो त्याचसाठी.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. कर्जत तालुका शेजारीच आहे, नेऊन दाखवाही. कायमस्वरूपी गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही, लोखंडी साच्याने भोकं पाडून थेट बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. जमिनीचा कस वाढतो, डिझेल वाचतं, पाणी तुंबत नसल्याने मिथेनही कमी. तरुणांना ते आवडतं, आणि आवडावंच. माझं म्हणणं दोन बाबींपुरतं. तण तणनाशकाने आवरायचं असतं, तेव्हा फवारणी कोण करणार, अंगावर काय घालून, आणि ते पाणी कुठल्या ओढ्याला जाणार हे आधी ठरवा. आणि लावणी गेली की भूमिहीन कातकरी बाईचे वर्षातले हमखास मजुरीचे दिवस जातात. तिला तुमच्या साठ जणांत घेतलं असेल तर तिच्यासमोर हे तंत्र फायदाच फायदा म्हणून मांडता येणार नाही.

भाताला आलटून पालटून पाणी देण्याची पद्धत, ज्यात भोकं पाडलेला पाइप जमिनीत पुरून पाणी १५ सेंटीमीटर खाली गेलं की मगच पुन्हा भरतात, ती पावसाळ्यात शिकवू नका. आकाशाला तोटी नसते. भातशाच्या कालव्याखाली उन्हाळी भात करणारे शेतकरी असतील तर त्यांना जरूर शिकवा, तिथे ती पाणी आणि मिथेन दोन्ही वाचवते. कार्बन क्रेडिटचा विषय यादीतून काढा. गुंठ्यांच्या हिशेबात जगणाऱ्या साठ घरांना त्यातून जे मिळेल त्यापेक्षा कागदपत्रांचाच खर्च जास्त व्हायचा.

ऑगस्टमध्ये आठवड्यातून एक सकाळ शेतीशाळा. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी सुरू झाली, आपला कृषी विभागही ती घेतो. पाच-पाच जणींचे गट करा. प्रत्येक गटाने खाचरात तिरपं चालत दहा चूड बघायचे, खोडकिड्याचे सुकलेले गाभे किती, तुडतुडे किती, कोळी आणि चतुर किती, ते मोठ्या कागदावर चित्र काढून मांडायचं. लिहिता न येणारी बाईसुद्धा तुडतुडा अचूक काढते. मग फवारायचं की थांबायचं हे गटाने ठरवायचं, प्रशिक्षकाने नाही. शेकडा पाच गाभे सुकलेले दिसेपर्यंत थांबता येतं, एवढी एकच रेघ आखून द्या. कापणीला वैभव विळा द्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. दातेरी असल्याने मनगटाला हिसका कमी बसतो, आणि जमिनीलगत कापता येतं म्हणून धसकटात लपलेली खोडकिड्याची अळीही पेंढ्याबरोबर बाहेर पडते.

भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल. इथे शिकवण्यासारखं कमी आणि शिकण्यासारखं जास्त आहे, कारण कडव्या वालाचं बी, पेरायची वेळ, राखेत साठवण हे सगळं म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असतं. तुमची भर पाण्यापुरती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओहोळाला धार असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला, तर आजूबाजूच्या विहिरीला आणि परसातल्या भाजीला महिना-दोन महिने जास्त मिळतात. दोन पाडे मिळून दोन दिवसांचं श्रमदान पुरतं. मात्र भट्टीवर जाणारी कुटुंबं निघण्यापूर्वी ते व्हायला हवं. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर नाचणी घ्यायची असेल तर दापोली-१ चालतं. पण नाचणी दळून, पापड-बिस्किटं करून विकण्याचा कार्यक्रम लगेच काढू नका, आधी घरातल्या भाकरीत ती परत येऊ द्या.

तरुणांकडे वळतो. शहापूर-मुरबाडचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा पडघा-भिवंडीच्या गोदामात किंवा आसनगावच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला, त्या पट्ट्यात जमिनीचे भाव ऐकून घरात रोज एक एजंट येतो. या मुलाला ‘शेती ही आपली संस्कृती’ वगैरे सांगाल तर तो मोबाइल बघत बसेल. त्याला महिन्याला किती सुटतील ते सांगा. माझ्या मते त्याने शेतकरी होण्याआधी शेतीला सेवा विकावी. पॉवर टिलर आणि गादीवाफे पाडायचं अवजार, मळणी यंत्र, कापणीच्या वेळी भाड्याने द्यायच्या ताडपत्र्या, ब्रिकेट आणि जिवाणू खतं गावात आणून देणं. मुली असतील तर भाजीपाला रोपवाटिका आणि गावठी कोंबड्यांची पिल्लं यात हिशेब लवकर जुळतो. भेंडी, काकडी, पावसाळ्यात कर्टुलं आणि शेवळं. आपलं भाग्य हे की गिऱ्हाईक लोकलच्या अंतरावर आहे. खर्डी, आसनगावहून बाया पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन कल्याण-ठाण्याला येतातच. मुरबाडला रेल्वे नाही, तिथे एसटी किंवा टेम्पो, म्हणजे चार घरांनी माल एकत्र केल्याशिवाय भाडं परवडत नाही. हा हिशेब प्रशिक्षणात कागदावर करून घ्या: काढणी, भाडं, हमाली, वाशी किंवा कल्याण बाजार समितीतली पट्टी, हातात उरले किती. तरुणांचा वर्ग रविवारी ठेवा, पाळी बदलते तेव्हा ते येतात.

ड्रोनबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५,००० बचत गटांना ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदानावर ड्रोन द्यायचे होते. त्यातलं प्रशिक्षण पंधरा दिवसांचं, त्यात पाच दिवस उड्डाणाचे. सलग मोठ्या क्षेत्रावर ऊस, द्राक्ष, सोयाबीन असेल तिथे ड्रोनला दिवसभर काम मिळतं. तीन-चार गुंठ्यांची उतरंडीची खाचरं, मध्ये बांधावर साग आणि आंबा, अशा ठिकाणी तो किती चालेल याचा हिशेब गटाने कर्ज काढण्यापूर्वी करावा. मुलांना बघायला मजा येते, तेवढ्यासाठी एक प्रात्यक्षिक ठेवा हवं तर.

हवामानाचा अंदाज मात्र तरुणांच्या हाती सोपवण्याजोगा आहे. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतो. ॲप घालून देणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. प्रत्येक पाड्यावर एका मुलाने किंवा मुलीने त्या दोन दिवशी रेशन दुकानाबाहेरच्या फळ्यावर दोन ओळी लिहायच्या. वर्गात सराव घ्या: शुक्रवार आहे, रविवारी-सोमवारी पाऊस सांगितलाय, भात पिवळं पडलंय, काय कराल? आपल्याकडे कापलेलं भात दोन-तीन दिवस धसकटावर वाळत टाकतात, तेव्हा कापणी तीन दिवस लांबवणं की कापून लगेच खळ्यावर आणून ताडपत्रीखाली घेणं, ताडपत्री कुणाकडे आहे, भारे कोण वाहणार, इथपर्यंत चर्चा न्या. आणि पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप प्रत्येकाच्या मोबाइलवर असू द्या. आसपासच्या वीस-चाळीस किलोमीटरमधल्या विजेचा इशारा ते देतं. उघड्या खाचरात वाकून लावणी करणाऱ्या बायकांकडे त्या वेळी मोबाइल नसतो, तो डब्याबरोबर बांधावर असतो. म्हणून टोळीत इशारा ऐकून हाळी द्यायची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी ठरवावं लागतं, आणि हाळी आली की एकट्या झाडाखाली जायचं नाही हेही.

एक वर्ग तलाठ्याबरोबर घ्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केल्यामुळे भाषणं भरपूर होतील. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातली जेमतेम १४ टक्के खातीच महिलांच्या नावावर होती. नाव सातबाऱ्यावर नसेल तर अनुदान, पीक कर्ज, शेतकरी ओळख क्रमांक सगळं अडतं. राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे, नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. नवरा वारलेल्या बाईची वारस नोंद राहिलेली असते, ती आधी करून घ्या. आदिवासी पाड्यांवर वनपट्टे आहेत, आणि २००६ च्या वन हक्क कायद्यात विवाहितांचा पट्टा दोघांच्या नावे देण्याची तरतूद स्पष्ट आहे. पट्ट्याची प्रत काढून नाव खरंच आहे का ते प्रत्येकीला वाचून दाखवा. अर्धा दिवस जाईल, आणि पुढे सरकारी योजनांच्या माहितीवर वेगळा वेळ घालवावा लागणार नाही.

वक्ते कोण, हे आता. बाहेरचा माणूस फक्त दोनदा लागेल: कर्जतच्या भात संशोधन केंद्रातला कुणी वाणांसाठी, आणि तालुका कृषी कार्यालयातला ‘आत्मा’चा (कृषी तंत्रज्ञान प्रसाराच्या सरकारी यंत्रणेचा) माणूस ओळख करून द्यायला. बाकी शिकवणारी गावातलीच हवी. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण बचत गट अभियानाच्या कृषी सखी आणि पशू सखी तुमच्या पाच गावांपैकी काहींत असतीलच, त्यांना आधी मानधन ठरवून जोडून घ्या. ‘सेवाभाव’ म्हणून फुकट राबवू नका. निधीतला सर्वांत मोठा आकडा याच रकान्यात दिसला पाहिजे.

आणि प्रत्येक कुटुंबाला नवीन पद्धत एका गुंठ्यातच करू द्या, लागूनच दुसरा गुंठा नेहमीसारखा. ३३ फूट गुणिले ३३ फूट, दोरीने मापून चार कोपऱ्यांत काठ्या. वर्षाचं भात ज्या दोन एकरांत पिकतं ते सगळं तुमच्या सांगण्यावर पणाला लावा म्हणणं बरोबर नाही, आणि शहाणं कुटुंब ते करणारही नाही. कापणीला दोन्ही गुंठे वेगळे झोडायचे, गावासमोर काट्यावर वजन करायचं, चाळीसने गुणलं की एकराचा अंदाज. खर्च आणि मजुरीचे तास त्याच कागदावर. निधी देणाऱ्या कंपनीला अहवालात हाच कागद लावा. कमी आलेले गुंठेही त्यात असू द्या, कारण पुढच्या वर्षी कुठल्या खाचरात काय करायचं नाही हे त्यातूनच कळतं.

ब्रिकेट जुलैत शोधायला गेलात तर मिळायची पंचाईत होते. साठ घरं, घरटी एक गुंठा, पावणेदोन किलोने १०५ किलो होतात. थोडं जास्त धरून मेच्या सुरुवातीलाच मागणी नोंदवा, आणि आणल्यावर गोण्या ओल्या भिंतीला टेकवू नका. गोळ्या ओल धरून एकमेकींना चिकटतात, मग लावणीच्या दिवशी त्या दगडाने फोडत बसावं लागतं.